वयाचा फैसला आणि प्राध्यापक देवधर

मनुष्य म्हातारा नेमका कोणत्या दिवशी होतो, या प्रश्नावर शास्त्रकारांनी, वैद्यांनी, ज्योतिष्यांनी आणि सरकारने आपापल्या परीने निकाल देऊन ठेवले असले, तरी त्यांपैकी एकही निकाल, तो ज्याच्याविरुद्ध लागला त्याने खुशीने मान्य केल्याचे ऐकिवात नाही. शास्त्रकारांनी पन्नाशीनंतर वनाची वाट दाखवली. पण वने तोडून तेथे वसाहती झाल्यापासून ती वाट कोठे जाते हे कोणी सांगत नाही. वैद्य गुडघ्यांवरून, ज्योतिषी शनीवरून आणि सुना सासऱ्यांच्या खोकल्यावरून अनुमान बांधतात. सरकारचा कारभार त्यातल्या त्यात सरळ असे: दप्तरातल्या जन्मतारखेपुढे पंचावन्न वर्षे मोजायची आणि सकाळपर्यंत कर्तबगार असलेल्या इसमास त्याच दिवशी सायंकाळी हार, नारळ व छत्री देऊन वृद्ध म्हणून जाहीर करायचे. परंतु या सर्वांहून निष्ठुर न्यायासन म्हणजे क्रिकेटची निवड समिती. तिच्यापुढे साक्षीपुरावा नाही, कैफियत नाही, अपिलाची तर तरतूदच नाही. एका बैठकीत, पुढ्यातला चहा निवण्याच्या आत, ती कोणालाही म्हातारा करू शकते.

१९३२ साली पुण्याचे एक गृहस्थ असेच म्हातारे झाले. नाव दिनकर बळवंत देवधर. व्यवसाय, सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन. वय, वर्षे चाळीस. हिंदुस्थानचा संघ त्या वर्षी विलायतेस जाऊन लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिलावहिला अधिकृत कसोटी सामना खेळणार होता, आणि प्राध्यापकमहाशयांचे वय झाले या सबबीवर त्यांना त्या आगबोटीत जागा मिळाली नाही, असे सांगतात. जागा कोणाला मिळाली हे पाहिले म्हणजे मात्र वय या कल्पनेविषयी थोडा संभ्रम निर्माण होतो. संघाचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते, उपनेतृत्व लिंबडीच्या कुमारसाहेबांकडे होते. संस्थानिकाला वय नसते, फक्त वंशावळ असते, हे सूत्र तेव्हा सर्वमान्य होते. महाराजांनी त्या दौऱ्यातील प्रथम दर्जाच्या सामन्यांत मिळून दोन धावा काढल्या, आणि त्यांच्या मोटारींची संख्या त्यांच्या धावांहून अधिक आहे, असा विनोद त्या काळी प्रचलित होता. प्रत्यक्ष कसोटीच्या दिवशी त्यांनी मोठ्या मनाने बाजूला होऊन सी. के. नायडूंकडे सूत्रे दिली, हे त्यांच्या नावावर जमा धरलेच पाहिजे. मात्र फलंदाजीची एकंदर अवस्था पाहता औदार्यावाचून त्यांना दुसरा मार्गही उरला नव्हता.

बरे, चाळिशी म्हणजे वार्धक्य हा नियम साहेबाच्या देशातून आला असावा म्हणावे, तर तेथील दप्तर काही निराळेच बोलते. विल्फ्रेड ऱ्होड्स नामक यॉर्कशायरचा गोलंदाज १९३० साली, म्हणजे आपल्या या निवडीच्या अवघी दोन वर्षे आधी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी किंग्स्टनच्या कसोटीत इंग्लंडच्या वतीने चेंडू टाकीत होता. जॅक हॉब्ज आपला शेवटचा कसोटी सामना सत्तेचाळिसाव्या वर्षी खेळला. फार काय, ज्या दिवशी पुण्यात देवधर जन्मास आले त्या दिवशी, म्हणजे १४ जानेवारी १८९२ रोजी, दाढीवाले डॉक्टर ग्रेस वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडचे कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते. तात्पर्य, चाळिशीत म्हातारे होण्याची कल्पना अस्सल स्वदेशी होती. त्या काळात स्वदेशीचा पुरस्कार सर्वत्र चालू असल्यामुळे कोणी तिला हरकत घेतली नाही.

देवधरांनीही घेतली नाही. त्यांनी अर्ज केला नाही, शिष्टमंडळ नेले नाही, पुण्यात राहूनही वर्तमानपत्रात खुले पत्र लिहिले नाही. आणि पुणेकराच्या बाबतीत हा शेवटचा संयम मी त्यांच्या सर्व शतकांच्या वर ठेवतो. ते आपले खेळत राहिले. ज्यांना १९३२ साली म्हातारे ठरवण्यात आले ते १९९३ साली वारले. निकाल लागल्यापासून त्याची अंमलबजावणी होईपर्यंत एकसष्ट वर्षे लोटल्याचे उदाहरण आमच्या दिवाणी न्यायालयांतसुद्धा विरळाच सापडेल.

त्यांच्या जन्मतारखेविषयी येथे थोडे विषयांतर केले पाहिजे. चौदा जानेवारी म्हणजे मकरसंक्रांत, तेव्हा प्राध्यापक देवधर ऐन संक्रांतीस जन्मले, असे गोड विधान तिळगुळाच्या निमित्ताने पुष्कळांनी केलेले आहे. ज्यांचा पंचांगाशी संबंध आहे त्यांना ठाऊक असते की, अयनचलनामुळे संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीस झाला तेव्हा तारीख बारा होती. देवधर जन्मले तेव्हाही संक्रांत चौदा तारखेच्या आधीच होऊन गेलेली असे. म्हणजे देवधर संक्रांतीला जन्मले नाहीत. ते एवढे टिकले की संक्रांतच चालत त्यांच्या वाढदिवसाजवळ आली. सूर्यमंडळाला वाट पाहायला लावणाऱ्या माणसापुढे निवड समिती ती काय!

संस्कृतचा प्राध्यापक म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे उपरणे, तपकीर आणि समासाचा विग्रह करताना मिटलेले डोळे असा एक ठसा उमटतो. हा मनुष्य दुपारी चारनंतर पांढरी विजार चढवून वेगवान गोलंदाजाच्या समोर उभा राहत असेल ही कल्पना मनास शिवत नाही. वस्तुतः दोन्ही विद्यांत फार अंतर नाही. दोहोंतही नियम थोडे आणि अपवाद पुष्कळ. दोहोंतही ज्यांना स्वतःला काही करता येत नाही ते टीका लिहितात. आणि पायचीताचा नियम समजून सांगण्यास पाणिनीएवढीच सूत्रबद्ध बुद्धी लागते. भेद एकाच ठिकाणी आहे. अर्धी मात्रा वाचली की वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे परंपरा सांगते. फलंदाजाने काटकसरीचे हे धोरण पत्करले तर त्याचा संघ बुडेल. देवधरांनी वर्गात लाघव आणि मैदानावर विस्तार अशी वाटणी करून दोन्ही शास्त्रांचा मान राखला असावा. संस्कृताने आयुष्य वाढते असेही एक मत आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ पंडित सातवळेकरांचे नाव घेतात. १८६७ साली जन्मलेले सातवळेकर १९६८ पर्यंत वेदांचे भाषांतर करीत होते. पण अल्पायुषी संस्कृत पंडितांची यादी याहून बरीच लांब असल्यामुळे मी त्या मताचा आग्रह धरीत नाही.

मैदानावर ते आले १९११ च्या सुमारास, हिंदू संघाकडून, जेव्हा मुंबईस युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने होत. पण त्यांचे नाव खऱ्या अर्थाने सर्वतोमुखी झाले ते १९२६ च्या डिसेंबरात. आर्थर गिलिगन यांच्या हाताखाली एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानात आला होता; त्यात मॉरिस टेटसारखा जगविख्यात गोलंदाज होता. महिन्याच्या आरंभी मुंबईच्या जिमखान्यावर नायडूंनी हिंदूंच्या वतीने १५३ धावा काढताना अकरा षटकार मारले, आणि त्या दिवशी चेंडू कोठेकोठे जाऊन पडले याच्या हकिकती मुंबईकर पुढे नातवंडांना सांगत. त्याच महिन्यात त्याच मैदानावर अखिल हिंदुस्थानच्या संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. यात कौलांची मोडतोड झाल्याची नोंद नाही. नायडूंचा खेळ हा पोवाडा होता, देवधरांचा खेळ हे भाष्य. एकाने साहेबाला चकित केले, दुसऱ्याने त्याला पटवून दिले. साहेबाला हे नेटिव लोक खेळतात हे दोनदा कळल्यावर गिलिगन यांनी येथे एक मध्यवर्ती नियामक मंडळ असावे असे उत्तेजन दिले, आणि १९२८ साली ते मंडळ स्थापन झाले. ज्या मंडळाच्या पायात देवधरांच्या १४८ धावा चिणलेल्या होत्या, त्याला चार वर्षे होतात न होतात तोच देवधर थकलेले दिसू लागले. पुण्याईचे फळ याच जन्मी मिळते म्हणतात, ते असे.

आता आमच्या तात्यांचा परिचय करून देणे प्राप्त आहे. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे मामा. मामलेदार कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि यथावकाश शिरस्तेदार होऊन बाहेर पडले. ते चाळीस वर्षांचे असताना एका वरच्या जागेसाठी त्यांचे नाव पुढे गेले होते, आणि 'सदर इसमाचे वय पाहता' या चार शब्दांनी सुरू होणारा एक शेरा मारून ती शिफारस परत आली होती. तो कागद तात्या जन्मभर विसरले नाहीत. त्याच सुमारास त्यांनी एक वही घातली. लाल खारव्याच्या बासनात गुंडाळलेली, जाड बदामी कागदाची, डाव्या बाजूस दोऱ्याने शिवलेली ती वही मी पुष्कळदा हाताळली आहे. प्रत्येक पानावर रूळ फिरवून आखलेले चार रकाने: अनुक्रम, साल, पूर्ण वय, शेरा. नाव फक्त पहिल्या पानावर, मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात: 'प्रो. देवधर यांच्या वयाची नोंद.' तात्यांची त्यांच्याशी ओळख नव्हती. तात्यांना क्रिकेट फारसे कळतही नव्हते. त्यांना वय कळत होते.

मागील सालांच्या नोंदी त्यांनी वर्तमानपत्रांच्या फायली चाळून भरल्या, आणि त्यातली १९३९ ते १९४४ ही पाने वहीत सर्वांत मळकी आहेत, कारण पाहुण्याला दाखवण्यासाठी वही उघडली की ती तेथेच उघडे. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला. पहिली दोन वर्षे तो मुंबईने नेला, मग नवानगर, हैदराबाद, बंगाल असा प्रवास करून १९३९-४० साली तो पुण्यास आला, तेव्हा महाराष्ट्राचे कर्णधार देवधर सत्तेचाळीस ओलांडून गेलेले होते. त्याच मोसमात त्यांच्या संघातील विजय हजारे या सांगलीच्या तरुणाने बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी सामन्यांतले ते पहिले त्रिशतक. पुढल्या वर्षी मद्रासेत अंतिम सामना जिंकून करंडक पुन्हा महाराष्ट्राकडे राहिला. या दुसऱ्या वर्षी देवधरांनी स्वतः मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. कोणाविरुद्ध, हे मुंबईबाहेरच्या वाचकाला विशेष वाटणार नाही. पण पुण्याच्या माणसाने मुंबईच्या गोलंदाजांना दिवसभर उन्हात धाववावे आणि तेही एकोणपन्नासाव्या वर्षी, या गोष्टीने सदाशिव आणि नारायण या दोन्ही पेठांत जो संतोष पसरला असेल त्याचे मोजमाप धावांत करता येणार नाही. तात्यांचा शेरा तीन शब्दांचा आहे: 'मुंबईकर दमले. ठीक.'

आणि मग १९४४. देवधर बावन्न वर्षांचे. प्रतिपक्षी नवानगर, म्हणजे ज्यांच्या नावाने करंडक चालतो त्या रणजितसिंहजींचेच संस्थान. पहिल्या डावात १०५, दुसऱ्या डावात १४१. ऱ्होड्ससाहेबांनी ज्या वयात किंग्स्टनला चेंडू टाकले त्याच वयात आमच्या प्राध्यापकांनी एका सामन्यात दोन शतके काढली. ज्या वयात सामान्य मनुष्य दुसऱ्या मजल्यावरचा खण घेण्यापूर्वी जिने मोजतो, त्या वयात बावीस यार्डांच्या अशा अडीचशेच्या आसपास फेऱ्यांचा हिशेब लावावा लागतो. चौकारांची सूट धरली तरी दुसऱ्या बाजूच्या फलंदाजाच्या धावांसाठीही पळावे लागते, हे तात्यांनी मला बोटांवर गणित करून पटवले होते. ही नोंद तांबड्या शाईत आहे. तिच्यापुढे 'पूर्ण वय ५२' या आकड्यांखाली दोन रेघा आहेत, आणि शेऱ्याच्या रकान्यात, धावा लिहून झाल्यावर, उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'सदर इसमाचे वय पाहता.'

देवधरांच्या गृहस्थाश्रमाचा विषय काढला की आणखी एक मौज निघते. त्यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. आता बॅडमिंटन हा खेळ मूळचा कोठला? एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील गोरे अधिकारी तो खेळत, त्याचे सुरुवातीचे नियम पुण्यातच लिहिले गेले आणि त्याला कित्येक दिवस 'पूना' याच नावाने ओळखत. पुढे तो विलायतेस जाऊन एका ड्यूकच्या वाड्याचे नाव धारण करून परत आला. म्हणजे वडिलांनी साहेबाचा खेळ उचलून साहेबाला खेळून दाखवला, आणि मुलींनी साहेबाने उचललेला पुण्याचा खेळ परत पुण्यात आणला. एका घराने दोन्ही बाजूंचा हिशेब असा चोख चुकता केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. वैयाकरणांच्या पुत्रोत्सवाचा वर उल्लेख केला. या घरापुरता त्या ठिकाणी कन्योत्सव असा पाठ घ्यावा.

चाळीसच्या दशकातले पुणे ज्यांना आठवते त्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. मुलगी पाहायला आलेली मंडळी तेव्हा स्वयंपाक, शिवण आणि एखादे भक्तिगीत एवढ्या तीन विषयांत परीक्षा घेत. त्या मंडळींपुढे 'मुलीचा बॅकहँड चांगला आहे' असे सांगणारा बाप कल्पनेत आणून पाहावा. पोहे हातात धरून वरपक्ष किती वेळ स्तब्ध राहिला असता! आमच्या वाड्यातल्या एका काकूंचे तर स्पष्ट मत होते की, मुलींच्या हाती रॅकेट देण्यापेक्षा चाळणी देणे बरे, कारण दोन्हींना जाळी असली तरी एकीतून काहीतरी उपयोगाचे खाली पडते. या वातावरणात तीन मुलींना खेळू देणे, आणि नुसते खेळू न देता जिंकू देणे, याला फलंदाजीहून अधिक धीर लागतो. मैदानावर निदान अकराच विरोधक असतात. पेठेत सगळेच क्षेत्ररक्षण करतात.

यथाकाल देवधर खेळातून निवृत्त झाले, आणि दैवाचा विनोद असा की, पुढे ते स्वतः राष्ट्रीय निवड समितीवर जाऊन बसले. नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ज्या टेबलाच्या अलीकडे उभे असताना आपल्या वयाचा फैसला झाला त्याच टेबलाच्या पलीकडे बसून दुसऱ्यांच्या वयाचा विचार करताना मनुष्याला काय वाटत असेल? आमच्याकडे सासुरवास सोसलेली सून सासू झाली की काय होते हे सर्वविदित आहे. देवधरांनी कोणाला म्हातारा ठरवल्याची तक्रार तात्यांच्या वहीत तरी नाही. अर्थात तात्या हे काही निःपक्षपाती साक्षीदार नव्हेत.

वहीतील मधली पाने फार बोलकी नाहीत. '१९६१. ६९. पानशेत. हयात.' या ओळीवरची शाई फुटलेली आहे, कारण बारा जुलैच्या पुरात तात्यांचे नारायण पेठेतले बिऱ्हाड पाण्यात गेले आणि माळ्यावर असूनही वहीने ओल धरली. त्याच वर्षी तात्या सेवानिवृत्त झाले, आणि तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्यात 'हयात' हा शब्द वारंवार येऊ लागतो. पेन्शनरांना दर वर्षी हयातीचा दाखला हजर करावा लागतो. मनुष्य स्वतः खिडकीपुढे उभा असला तरी तो जिवंत असल्याचे प्रमाणपत्र दुसऱ्याने द्यावे लागते. तात्यांनी हीच शिस्त देवधरांना लावली. दर जानेवारीत वर्तमानपत्रात त्यांच्या वाढदिवसाचे छायाचित्र आले की ते कापून, मागे खळ लावून, वहीत चिकटवले जाई, आणि त्यापुढे शेरा पडे: 'दाखला रुजू.' '१९६५. ७३. पद्मश्री. उशीर.' '१९७३. ८१. करंडक निघाला. स्वतः हयात असता. तरतूद दुर्मिळ.'

या करंडकाविषयी बोलले पाहिजे. आमच्याकडे मनुष्याच्या नावाने रस्ता, सभागृह अथवा करंडक निघावा असे वाटत असेल तर त्याने प्रथम मरावे लागते. ही अट लेखी नसली तरी ती मोडल्याचे सहसा आढळत नाही. देवधर करंडक १९७३-७४ साली सुरू झाला आणि त्याच्या नावाचा धनी पुढली वीस वर्षे तो कोण जिंकतो हे पेपरात वाचत होता. स्वतःच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीला बसून वाढप्याला मठ्ठा मागण्याचा योग असा कितीजणांना येतो? परंतु खरी गंमत पुढे आहे. हा करंडक ठेवला गेला मर्यादित षटकांच्या सामन्यांसाठी. ज्या गृहस्थांच्या खेळाची, नोकरीची आणि आयुष्याची मुख्य खूण म्हणजे त्याला मर्यादा घालणे कोणाला जमले नाही, त्यांच्या नावाने सूर्यास्तापूर्वी आटोपणारी स्पर्धा! आणि हे एकदा झाले असते तर नजरचूक म्हणून सोडून दिले असते. पुढे त्यांच्या संघातल्या त्या त्रिशतकवीर हजाऱ्यांच्या नावानेही जो करंडक निघाला तोही मर्यादित षटकांचाच. गुरुशिष्यांची जोडी दिवसच्या दिवस खेळपट्टीवर ठाण मांडून बसणारी. तिच्या स्मरणार्थ राष्ट्राने घाई निवडली. यामागे कोणा सचिवाची सूक्ष्म विनोदबुद्धी असेल तर मी त्यास ओळखू इच्छितो.

नव्वदी ओलांडल्यावर देवधरांचे आयुष्य म्हणजे क्रिकेटच्या इतिहासाचे एक सलग बाड झाले होते. त्यांच्या जन्मदिवशी ग्रेस कर्णधार होते. ब्रॅडमन जन्मला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, आणि ब्रॅडमन वयाच्या चाळिशीत बॅट खाली ठेवून मोकळा झाला तेव्हा पन्नाशी उलटलेल्या देवधरांनी ती नुकतीच कोठे ठेवली होती. १९८९ च्या नोव्हेंबरात सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर कराचीत पहिली कसोटी खेळला, त्या वेळी ते सत्त्याण्णव वर्षांचे. १९९१ साली पद्मभूषण आले. तात्यांचा शेरा: '९९. सरकारास घाई नाही.' १४ जानेवारी १९९२ रोजी शंभर वर्षे पुरी झाली, आणि त्या दिवशी महाराष्ट्रातील यच्चयावत वर्तमानपत्रांस एकच कोटी सुचली. ती कोणती, हे वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही. मी ती येथे करणार नाही, कारण त्या आठवड्यात ती भाजीवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांनी माझ्याजवळ केली होती.

एक गोष्ट मात्र राहून गेली. १९४०-४१ नंतर महाराष्ट्राने रणजी करंडक पुन्हा जिंकला नाही. कर्णधाराने अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाट पाहिली. यापेक्षा जास्त मुदत कोणताही कर्णधार देऊ शकणार नाही. १९९२-९३ च्या मोसमात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलाही, आणि पंजाबकडून हरून परत आला. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी पुण्यात देवधरांचे निधन झाले. तात्या तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. हात कापत असताही त्यांनी रूळ घेऊन रकाना आखला, जन्मतारीख आणि मृत्युतारीख यांची वजाबाकी दोनदा करून पाहिली, आणि लिहिले: 'वर्षे १०१, महिने ७, दिवस १०. फैसला अंमलात आला.'

संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे संभाजी बागेतल्या पेन्शनरांच्या बाकावर गेले, वही बरोबर घेऊन. तेथे त्यांची बापूरावांशी गाठ पडली. बापूराव निवृत्त गणितशिक्षक, आणि दुसऱ्याचा आनंद अपूर्णांकात काढण्याची त्यांना सवय. वही पाहून झाल्यावर ते म्हणाले, "तात्या, खोटं नाही सांगत, पण पुण्यात एकशे एक म्हणजे काही विशेष नव्हे. अण्णा कर्व्यांनी एकशे चार पुरी केली. तीही क्रिकेट न खेळता."

तात्यांनी वही मिटली, बासनाची गाठ सावकाश मारली आणि विचारले, "बापूराव, हिंगण्याहून फर्गसन कॉलेज किती लांब?"

"असेल तीनचार मैल."

"अण्णा शिकवायला जात ते कसे?"

"पायी. जाताना पायी, येताना पायी. सगळं पुणं जाणतं."

"मग ते क्रिकेटच की हो! इकडून तिकडं जायचं, तिकडून परत इकडं यायचं. अण्णांची खेळपट्टी लांब होती, म्हणून तीन वर्षं जास्त पडली."

बापूराव बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी, हिंगण्याच्या त्या रस्त्यावर पावसाळ्यात गुडघ्याएवढा चिखल असे, एवढा एकच मुद्दा मांडला. आणि तात्यांनी बासन पुन्हा सोडून 'ओली खेळपट्टी' असा शेरा समासात नोंदवून घेतला.